सगळ्यांदेखत दादाला बोलले ते

आये, रात्री झोप नाय लागली. काल मी कॉलेजातल्या पोरापोरींदेखत दादाला बोलले, "तुला काय दिसतंय रं?" ज्याला कायच दिसत नाय त्याला. तो सांगत व्हता ते खरं व्हतं, म्हनूनच बोलले. माझ्या पोराला संध्याकाळचं नीट दिसत नाय, आये. दादाचं सुरू झालं व्हतं तसंच. दिवाळीपासून मला ठाऊक हाय आनि घरात मी कुनालाच सांगितलं नाय. आता उजाडायला आलंय, चुलीवर पानी ठेवलंय, सासूबाई अजून उठल्या नायत. नवरा पहाटेच टेंपोत माल भरून गेला, दुपारपर्यंत यायचा नाय. पोराच्या चित्रांच्या वहीची मागची पानं कोरी व्हती, त्यावर लिवतेय. नववीत शाळा सुटली ती तू गेलीस म्हनून, तवापासून हातात पेन फारसं आलं नाय, तर चुकलं तर चुकू दे.

तू असतीस तर आधी इचारलं असतंस, कॉलेजात तुझं काय काम. सांगते. कर्जतच्या बाजूला डोंगराखाली एक कॉलेज हाय, तिथं स्पर्धा व्हती. चार-चार पोरांनी मिळून एक वेबसाईट बनवायची. वेबसाईट म्हंजे कसं सांगू तुला, तुझ्या येळी आपल्या घरात साधा फोन नव्हता. आता फोनच्या काचेवर दुकानं, दवाखाने, कचेऱ्या सगळं उघडतं, ते उघडलं की समोर जे येतं ती वेबसाईट. ही पोरं ती फुकट बनवून देत व्हती, कुना बचतगटाला, कुना शाळेला, ज्यांना पैसे घालून करून घेता येत नाय अशांना. अट एकच. आंधळ्याला ती चालवता आली पायजे, बहिऱ्याला कळली पायजे, ज्याचे हात चालत नायत त्याला पन उघडता आली पायजे. आनि ते तपासायला तशीच मानसं बोलावलेली. एक बाई व्हत्या, त्यांना ऐकू येत नाय. एक बुवा तोंडात काडी धरून फोन चालवत व्हते, मी बघतच रायले. आनि आपला दादा. दादा आता कल्यानला बँकेत हाय, फोनवर बोलायचं काम. सुट्टी आली की असल्या ठिकानी जातो, कुनाकडून काय घेत नाय. सर म्हनतात त्याला सगळे. तुला ऐकायला पायजे व्हतं ते.

त्यानंच फोन केला मला. "बाय, तू ये की गं. एकटा गेलो की रिक्षावाले मला लहान पोरासारखं काखेत धरतात. तू हात दे. आनि भाच्याला आन, लय दिवस झाले त्याचा आवाज ऐकून." मी कायतरी कारन सांगनार व्हते, पन नवऱ्यानं ऐकलं. तो म्हनाला, "चला, मी सोडतो टेंपोनं. मला पन बघायचंय मेव्हने कसे मास्तर झालेत." माझा नवरा मानूस चांगला हाय, आये. हे मी मुद्दाम लिवतेय, कारन पुढं वाचलंस तर तुला वाटेल मी त्याला भिऊन गप्प बसले. मार नाय, शिवी नाय. भीती वाटते ती त्याच्या तोंडाकडं बघायची.

तुला भिवपुरीचं ते क्वार्टर आठवतं का, जिथं तू सैपाकाला जायचीस. मागच्या दारी मला पाटावर बसवून ठेवायचीस आनि भाकरीचा पहिला पापुद्रा मला काढून द्यायचीस. एक दिवस तिथल्या बाईंनी मला इचारलं, "तुझ्या भावाला कधीपासून दिसत नाही गं?" मी शहानपना केला. म्हनाले, आधी रातचं दिसेना, मंग हळूहळू दिवसाचं, आमच्या मामासारखं. तुझा हात परातीत थांबला. बाईंसमोर तू हसलीस, म्हनालीस, पोरीला काय कळतंय, दिवाळीला घराला द्यायचा चुना भिजत घातलेला, त्यात वाकला, डोळ्यात उडाला. आनि वाटेत कालव्याच्या पुलावर थांबवून माझा दंड असा पिळलास की चार दिवस निळा व्हता. "मामाचं नाव परत तोंडातून काढायचं नाय. तुला नांदायला जायचंय का नाय?" मी रडत व्हते. मंग तूच खाली बसलीस, तोंड पुसलंस माझं, आनि हळू म्हनालीस, "आपल्याला काय व्हत नाय गं. आपन बायका ते फक्त पुढं देतो." तवा मला कळलं नाय काय देतो. गेल्या दिवाळीला कळलं.

दादाला तू तवाच पढवून ठेवलं असशील. त्यानं एकदा पन ते मोडलं नाय. मला बघायला आले तवा तू नव्हतीस, बाबा तर तुझ्याही आधी गेलेले. दादाच ओसरीवर बसला आनि पाव्हन्यांनी इचारायच्या आत त्यानंच सांगितलं, चुना उडाला. वर हसून म्हनाला, "लहानपनी लय वांड व्हतो." सासूबाई म्हनाल्या, "असू दे बाबा, अपघात काय कुनाला चुकतो. रक्तातलं नाय ना, मंग झालं." मी आत पोह्याच्या ताटलीवर शेव घालत सगळं ऐकत व्हते.

तर कॉलेजात. दादाचा फोन बोलतो, आये. काचेवर बोट फिरेल तिथं काय हाय ते मोठ्यानं वाचून दाखवतो. एक लाल चष्म्याची पोरगी व्हती, तिच्या गटानं एका संस्थेची वेबसाईट केलेली. ती संस्था गावोगाव फिरून पोरांचे डोळे तपासते. काचेवर लय सुंदर दिसत व्हती, फुलं काय, सरकनारे फोटो काय. दादानं बोट फिरवलं आनि फोन म्हनाला, "चित्र. बटण. बटण. बटण." दादा म्हनाला, "अगं पोरी, तुझ्या घराला दारं लय हायत, पन सैपाकघर कुठलं आनि संडास कुठला ते मला कसं कळायचं?" सगळी हसली. ती पन हसली, लाल झाली आनि मांडी घालून तिथंच बसली दुरुस्त करायला. माझा पोर दादाच्या मांडीला चिकटून उभा, नाकातून आवाज काढत, "बटण. बटण." दादानं त्याच्या पाठीवर धपाटा दिला, "मामाच्या फोनची नक्कल करतोस व्हय रं." लय बरं वाटत व्हतं मला तवा. वाटलं उगाच भीत व्हते यायला.

मंग ती पोरगी परत आली. "सर, आता बघा." आनि जीभ चावली. "सॉरी. ऐका." दादा म्हनाला, "बघा म्हन गं बिनधास्त, मी पन टीव्ही बघतो असंच म्हनतो." त्यानं बोट ठेवलं आनि ह्या येळी फोन नीट वाचायला लागला. तो बाईचा आवाज, त्याला ना घाई ना दया. "मुलांची नजर. ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नका. मूल संध्याकाळी भिंत धरून चालते का? अंधारात जागच्या जागी थांबते का? पडलेली वस्तू हाताने चाचपून शोधते का? आईच्या माहेरी कुणाची नजर लहानपणीच गेली आहे का?"

आये, अख्ख्या हॉलात माझ्या पोराबद्दल कुनी ओरडून सांगावं तसं झालं. मानसं आपापल्या कामात व्हती, कुनाचं लक्ष पन नव्हतं. पन नवरा माझ्या शेजारी उभा व्हता. ती पोरगी दादाला म्हनाली, "सर, तुमचं पण असंच झालं होतं का?" दादा बोलायच्या आत माझा नवराच बोलला. "नाय नाय, यांचं वेगळं. चुना उडाला डोळ्यात. घरात तसं कुनाला कायच नाय." किती आपुलकीनं बोलला, जसं कुनी आपल्या मानसावर चिखल उडवावा आनि आपन पुढं होऊन पुसावा. दादाचं बोट काचेवर थांबलं. त्यानं तोंड माझ्या बाजूला केलं, मी कुठं उभी हाय ते त्याला कसं कळतं देव जाने. मी एक शब्द बोलले असते तर झालं असतं. मी पोराच्या शर्टाचं बटन लावत बसले, ते लावलेलंच व्हतं. "हो," दादा म्हनाला, "चुना." मंग त्या पोरीला म्हनाला, "पन हे तू बराबर लिवलंस. यातलं एक पन खोटं नाय. हे पान पहिलं ठेव, फुलं मागं टाक."

नवरा मला कोपरानं ढोसत म्हनाला, "आपला पन अडखळतो की गं संध्याकाळी." मी म्हनाले, "चप्पल मोठी हाय त्याला. तुमीच आनली मोठी, वाढतं अंग म्हनून." तो म्हनाला, "हां, ते पन हाय." आनि त्याला पटलं. माझं खोटं त्याला इतकं पटकन पटतं की मला माझीच किळस येते.

बक्षिसाच्या येळी भिंतीवर सगळ्या वेबसाईट दाखवायच्या म्हनून हॉलातले दिवे घालवले, पडदे ओढले. अंधार काय लय नव्हता, मला सगळ्यांची तोंडं दिसत व्हती. पोर तवा समोरच्या टेबलापाशी बिस्किटं घ्यायला गेला व्हता. तो तिथंच थांबला. हातात बिस्किट, दुसरा हात पुढं. "आई." नवरा म्हनाला, "अरे ये की, हा काय मी इथं." पोर जागचा हलला नाय. मी उठनार तोवर दादा म्हनाला, "राजा, माझ्या आवाजाकडं ये. सावकाश. मी बोलत रायतो, तू ये." आनि तो कायबाय बोलत रायला, बिस्किट कुठलं हाय, मला अर्धं देशील का, आनि पोर आला. पाय न उचलता, घासत. दादानं त्याला कुशीत घेतलं आनि बराच येळ त्याच्या डोक्यावरून हात काढला नाय. दिवे लागले तवा ती चष्म्याची पोरगी म्हनाली, "काय रे, घाबरलास?" तर माझा पोर शाळेत कविता म्हनतात तसा म्हनाला, "मला अंधाराची भीती वाटते."

ते मी शिकवलंय त्याला, आये. दिवाळीत अंगनात सगळी पोरं फुलबाज्या घेऊन पळत व्हती आनि हा तुळशीच्या कट्ट्याला धडकून पडला, तवापासून. कुनी इचारलं तर सांगायचं, भीती वाटते. घरात मी सगळे दिवे लावून ठेवते, सासूबाई बोलतात, "तुझ्या बापाचं लाईटबिल हाय का?" मी ऐकून घेते. त्याला पन त्या "भित्रा" म्हनतात, "बापासारखा नाय निघाला." तो माझ्याकडं बघतो, मी मान हलवते की गप बस. पाच वर्सांचा पोर आनि तो माझं खोटं सांभाळतोय. तू चुना शोधलास, मी भीती शोधली. तुझ्यावर मी मनातल्या मनात लय येळा चिडले हाय, की आईनं दादाला असं का करायला लावलं. आनि माझ्यावर आलं तर मी तुझ्यापेक्षा लवकर केलं.

त्या गटाला बक्षीस मिळालं का नाय ते मला सांगता यायचं नाय, मी ऐकतच नव्हते. नंतर बाहेर चहा व्हता. नवरा टेंपो काढायला गेला. दादाची पिशवी त्या पोरीच्या हातात, अजून दोघंतिघं त्याच्याभोवती. दादानं मला बाजूला घेतलं, पन बाजूला म्हंजे किती, दोन हातांवर ती पोरं. हळूच म्हनाला, "बाय, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"पाय घासत येतो तो. मी तसाच चालायचो. आईला वाटायचं मी आळशी हाय."

"चप्पल मोठी हाय त्याला."

"अनवानी व्हता तो. मी ऐकलं." मंग म्हनाला, "ऐक माझं. उद्या पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ. मी येतो. डॉक्टरला माझं सांगू, मामाचं सांगू, त्याशिवाय त्यांना कळायचं नाय काय शोधायचं. आनि दाजींना मी सांगतो. तुला बोलायला नको. लग्नात मी खोटं बोललो, तू नाय, माझ्यावर घालतील."

म्हंजे तो परत माझं ओझं घ्यायला तयार व्हता, आये. आनि मला काय झालं ठाऊक नाय. टेंपो येताना दिसला, काचेतून नवऱ्याचं तोंड दिसलं, तो पोराला हात करत व्हता. मी एकदम मोठ्यानं बोलले, "तुला काय दिसतंय रं? आंधळ्यानं मला सांगायचं माझ्या पोराला दिसतं का नाय ते? आपलं तसं सगळ्यांचं वाईट व्हावं वाटतं काय तुला?"

त्या पोरीनं पिशवी छातीशी धरली. दिवसभर त्या हॉलात कुनी कुनाला असं बोललं नव्हतं, सगळे जपून बोलत व्हते, शिकून घेत व्हते कसं बोलायचं. आनि बोलली कोन तर सख्खी बहीन. दादा थोडा हसला. "बराबर हाय," म्हनाला. "दिसत नाय." मंग त्यानं त्या पोरीला सांगितलं, "मला जरा रिक्षापर्यंत सोडतेस का गं?" माझ्या हातासाठी मला बोलावलेलं, पन हात तिचा धरला. माझा पोर मागनं ओरडला, "मामा, बटण," तर तो वळला आनि फोनच्या बाईसारखा आवाज काढून त्याला "बटण" म्हनाला.

टेंपोत नवऱ्यानं इचारलं, "मेव्हने का नाय आले आपल्यासंगं?" मी म्हनाले, त्यांना तिकडंच अजून काम हाय. वाटेत कुंभिवली गावाच्या पुढं अंधार पडला. नवऱ्याला लघवीला उतरायचं व्हतं, पोर पन म्हनाला मला पन. रस्त्याच्या कडेला दोघं उभे. नवऱ्यानं त्याचा हात सोडला आनि दोन पावलं पुढं गेला. पोर तसाच उभा, मान वर, गाडीचे दिवे जातील तिकडं तोंड फिरवत. नवरा वळून त्याच्याकडं बघत रायला. बराच येळ. मंग त्याला उचलून आनला. रात्रभर तो काय बोलला नाय, मी पन नाय. त्याला पन झोप नव्हती, मला श्वासावरनं कळत व्हतं. पहाटे जाताना त्यानं फक्त इचारलं, "चप्पल कुठं हाय त्याची?" मी दाखवली. त्यानं हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आनि ठेवून गेला.

मी आता पोराला उठवते. पहिली एसटी मिळाली तर पनवेलला दवाखाना उघडायच्या आत पोचू. डॉक्टर इचारतील, आईच्या माहेरी कुनी? मी सांगनार हाय, माझा भाऊ, माझा मामा. चुना सांगनार नाय. तुझा शब्द मोडतेय, आये, दंड पिळायला तू नायस. हे वाचायला पन तू नायस, पोस्टात टाकायला पत्ता नाय. वही इथंच ओट्यावर उघडी ठेवते. सासूबाईंना वाचता येत नाय, त्या शेजारच्या पोरीला हाक मारून वाचून घेतील आनि सगळ्या आळीला कळेल. कळू दे. नवरा आधी आला तर त्याला कळेल. मला समोर उभं राहून सांगता येत नाय म्हनून असं करतेय, एवढंच.

जो कोन हे वाचेल त्यानं माझ्या दादाला फोन लावावा. नंबर आमच्या घरातल्या सगळ्यांच्या फोनात हाय. त्याला सांगा, बाय पोराला घेऊन पनवेलला गेली हाय, तुला यायला जमलं तर ये, डॉक्टरला तुझं तूच नीट सांगशील. मीच लावला असता. पन कुनाचा फोन आला ते त्याचा फोन मोठ्यानं सांगतो, आनि माझं नाव ऐकलं की तो पहिल्याच रिंगला उचलतो. कालच्या नंतर पन उचलेल. तेवढं मला ऐकवनार नाय, म्हनून तुमी लावा.